जीवन रक्षा पदक आणि खाण-बचाव : प्रस्ताव कसा लिहावा, सोबत काय जोडावे

वर्धाखोरे
नमस्कार मंडळी. प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या संध्याकाळी जीवन रक्षा पदकांची यादी लागते. विहिरीत, नदीत उडी घेणारे, आगीतून लेकरं बाहेर काढणारे, विजेच्या तारेतून सोडवणारे असे लोक तीत असतात. पण याच पदकाच्या मूळ नियमात बुडणे आणि आग यांच्या जोडीला तिसरा प्रसंग नाव घेऊन लिहिला आहे, तो म्हणजे खाणीतील बचावकार्य. ३० सप्टेंबर १९६१ ला ही पदकमाला सुरू झाली तेव्हा पहिली तीन नावं हीच होती.

आपल्याकडे नागपूर, चंद्रपूर, वणी पट्ट्यात भूमिगत कोळसा खाणी आहेत, भंडारा-नागपूर पट्ट्यात मॅंगनीजच्या आहेत, शेजारी पेंच-कन्हान आहे. रेस्क्यू ट्रेंड, म्हणजे बचावाचं प्रशिक्षण घेतलेली माणसं प्रत्येक भूमिगत खाणीत आहेत. तरी प्रस्ताव मंत्रालयापर्यंत पोचत नाहीत, आणि पोचले तर कागद अपुरे म्हणून अडतात. जाणकारांनी इथे नीट माहिती एकत्र करावी ही विनंती. चार प्रश्न सारखे येतात:

बचाव पथकातला माणूस ड्यूटीवर होता, मग तो पात्र आहे का? सर्वोत्तम, उत्तम आणि नुसतं जीवन रक्षा पदक या तीन वर्गांपैकी कोणत्या वर्गासाठी लिहायचं? सोबत काय जोडायचं? आणि पथक पाच-सहा जणांचं असतं, तर नाव कुणाचं?

जुना_ओव्हरमन
पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तिथेच निम्मे प्रस्ताव मरतात.

ड्यूटीची अट सैन्यदल, पोलीस आणि मान्यताप्राप्त अग्निशमन सेवा यांच्यासाठी आहे. त्यांनी कर्तव्याच्या बाहेर जीव वाचवला असेल तरच ते पात्र. खाण-बचावाची माणसं या यादीत नाहीत. ‘ते त्याचं कामच होतं’ हे एरिया ऑफिसातलं वाक्य नियमात कुठेही लिहिलेलं नाही.

शिवाय आपले बहुतेक रेस्क्यू ट्रेंड म्हणजे पगारी बचाव कामगार नव्हेत. बचाव केंद्रावर कायमचे नेमलेले थोडे असतात. बाकीचा माणूस रोज ड्रिलर असतो, टिंबरमन असतो, इलेक्ट्रिशियन किंवा सिरदार असतो. प्रशिक्षण घेतलेलं असतं, सराव चालू असतो, आणि बोलावणं आलं की तो जातो.

सगळ्यात मोठा दाखला महाबीर कोळसा खाणीचा. नोव्हेंबर १९८९, राणीगंज, ईस्टर्न कोलफिल्ड्स. जसवंतसिंग गिल तिथे अतिरिक्त मुख्य खाण अभियंता होते, म्हणजे कंपनीचेच अधिकारी. पाण्यामुळे अडकलेली ६५ माणसं वर काढण्यासाठी ते स्वतः कॅप्सूलमधून, म्हणजे भोकातून सोडलेल्या पोलादी नळकांड्यातून, खाली उतरले आणि १९९१ मध्ये राष्ट्रपती आर. वेंकटरामन यांच्या हस्ते त्यांना सर्वोत्तम जीवन रक्षा पदक मिळालं. कंपनीचा माणूस कंपनीच्या खाणीत उतरला म्हणून पदक अडलं नाही. कुणी आक्षेप घेतला तर हा दाखला पुढे ठेवा.

पदकसंग्राहक
पदकाबद्दल थोडं, कारण त्याच्यावरच्या खुणाही बोलक्या आहेत.

समोरच्या बाजूला मधोमध अभयमुद्रेतला हात आहे. वर ‘मा भैषीः’ म्हणजे ‘भिऊ नकोस’, खाली पदकाचं नाव. मागे राजमुद्रा. फीत लाल, दोन्ही कडांना फिकट निळे पट्टे, मधे हिरवी रेघ. लाल म्हणजे आग, निळा म्हणजे पाणी, हिरवा म्हणजे जीवन. सर्वोत्तमला हिरवी रेघ एक, उत्तमला दोन, जीवन रक्षा पदकाला तीन. म्हणजे रेघा वाढतात तसा वर्ग खाली जातो. फोटो बघून ओळखताना इथे हमखास गफलत होते. आधी यांनाच वर्ग १, २, ३ म्हणत, म्हणून जुन्या कागदात तसा उल्लेख दिसेल.

सोबत केंद्रीय गृहमंत्र्यांच्या सहीचं प्रशस्तिपत्र आणि एकरकमी पैसे. सर्वोत्तमला २ लाख, उत्तमला दीड लाख, तिसऱ्याला १ लाख. प्रत्यक्ष पदक हल्ली संबंधित राज्य सरकार किंवा मंत्रालयाकडून दिलं जातं.

जुना_ओव्हरमन
दुसरा प्रश्न, वर्ग कोणता. तिन्ही वर्गांची भाषा अगदी मोजून-मापून केलेली आहे.

सर्वोत्तम: वाचवणाऱ्याच्या जिवाला *अत्यंत मोठा* धोका असताना दाखवलेलं ठळक धैर्य.
उत्तम: वाचवणाऱ्याच्या जिवाला *मोठा* धोका असताना धैर्य आणि तत्परता.
जीवन रक्षा पदक: वाचवणाऱ्याला *गंभीर शारीरिक इजा* होण्याचा धोका असताना धैर्य आणि तत्परता.

तिन्हीत मोजमाप वाचवणाऱ्याच्या धोक्याचं आहे. किती माणसं वाचली याचं नाही. प्रस्तावात ‘अमुक इतके कामगार वाचले’ हे तीनदा लिहिलेलं असतं आणि आत गेलेल्यासमोर नेमकं काय होतं यावर एक ओळही नसते. एक माणूस वाचला तरी सर्वोत्तम मिळू शकतं, पण धोका कागदावर दिसला पाहिजे.

तांदळे_नागपूर
एक शंका आहे. बचाव पथकाकडे चार तासांचे श्वसनसंच असतात, वायू मोजायची यंत्रं असतात, मागे राखीव पथक असतं. समितीतला माणूस विचारणार, ‘एवढं सगळं असताना धोका कुठे होता?’ त्याला काय उत्तर द्यायचं?

गॅलरी_नं_७
रास्त प्रश्न आहे. उत्तर थोडं लांबेल.

सध्याचा प्रचलित संच बीजी-४ घ्या. बंद वर्तुळाचा संच: माणूस जी हवा सोडतो तीच सोडालाइममधून जाते, कार्बन डायऑक्साइड शोषला जातो, बर्फाच्या कूलरमधून थंड होते, त्यात ऑक्सिजन मिसळतो आणि परत तोंडाशी येते. बाटली २ लिटरची, दाब २०० बार, म्हणजे ४०० लिटर ऑक्सिजन. मिनिटाला साधारण दीड लिटरची सतत धार. २४० मिनिटांना ३६० लिटर. उरले ४०. ‘चार तास’ हा आकडा या हिशेबातून येतो.

पण ही धार विश्रांतीत आणि मध्यम कामात पुरते. स्ट्रेचर घेऊन चढणीवर चालताना फुफ्फुस जास्त मागतं, संचातली श्वासाची पिशवी रिकामी व्हायला लागते, मग मिनिमम व्हॉल्व्ह उघडून जादा ऑक्सिजन देतो. बाटलीत १ बार म्हणजे २ लिटर. सतत धारेला मिनिटाला पाऊण बार जातो. जड कामात तोच आकडा सहज सव्वा-दीडवर जातो. चार तासांचे अडीच होतात.

त्यात परतीचा नियम: आत पोचायला जेवढा दाब खर्च झाला त्याच्या दुप्पट परतीसाठी राखून ठेवायचा. २०० वरून निघून १६० वर पोचलात तर ४० खर्च झाले, ८० राखीव. बाटली ८० ला टेकण्याआधी पथक वळलं पाहिजे, आणि तेही पथकातल्या सगळ्यात कमी आकड्याच्या माणसाप्रमाणे. ५५ बारला धोक्याचा इशारा वाजतो.

संच कुठे दगा देतो ते सांगतो:

सोडालाइम जुना किंवा ओल लागलेला असेल तर कार्बन डायऑक्साइड अडत नाही. माणसाचा श्वास आधी खोल होतो, मग डोकं ठणकतं, मग तो चिडचिडा होतो, आणि ही चिडचिड कॅप्टनला ओळखता आली पाहिजे. दाढीचे खुंट राहिले तर मास्क बसत नाही. बर्फ भरून खूप वेळ फ्रेश एअर बेसवर (शुद्ध हवेतल्या पथकाच्या तळावर) ताटकळत बसावं लागलं तर आत जाईपर्यंत कूलर संपलेला असतो आणि पुढचे तास गरम हवा. निघण्याआधीची गळतीची तपासणी घाईत टाळली तर सगळंच अधांतरी.

आणि संच छतापासून वाचवत नाही. आगीने तापलेलं, स्फोटाने हललेलं, पाण्याने भिजलेलं छत कधी सुटेल याला यंत्र नाही. तो पाठीवरचा पंधरा किलोचा डबा घेऊन दीड फूट उंचीच्या भगदाडातून सरपटायचं असतं, धुरात स्वतःचा हात दिसत नाही, पाचही जण एका दोरीला धरून. धोका तिथे असतो. समितीतल्या माणसाला तो माहीत नसणं स्वाभाविक आहे, म्हणून प्रस्तावात तो लिहायचा.

तांदळे_नागपूर
धन्यवाद, हे कुठेच इतकं सलग वाचलं नव्हतं. वायूंच्या आकड्यांचंही असंच सांगा ना. प्रस्तावांत ‘विषारी वायूंनी भरलेल्या खाणीत’ एवढंच असतं.

गॅलरी_नं_७
‘विषारी वायू’ हा शब्दच काढून टाका. चार आकडे लिहा: मिथेन, कार्बन मोनॉक्साइड, ऑक्सिजन, आणि तपमान (ओल्या बल्बचं, म्हणजे उष्णता आणि दमटपणा दोन्ही धरणारं). प्रत्येकासमोर वेळ आणि जागा.

मिथेन हवेत साधारण ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान स्फोटक, साडेनऊ-दहाच्या आसपास सगळ्यात जोरदार. ऑक्सिजन १२ टक्क्यांच्या खाली गेला तर मिथेनचा स्फोट होत नाही. आता आग लागलेला भाग स्टॉपिंग (वाट बंद करणारी भिंत) बांधून बंद केला की आत काय होतं? ऑक्सिजन हळूहळू उतरतो, मिथेन हळूहळू चढतो. या चढ-उतारात एक वेळ अशी येते की मिथेन पाचच्या वर गेलाय आणि ऑक्सिजन अजून बाराच्या खाली आलेला नाही, आणि आग जिवंत आहे. शेवटच्या स्टॉपिंगवर काम करणारी माणसं नेमकी या वेळेत तिथे उभी असतात. त्यांच्याबद्दल ‘भिंत बांधली’ एवढंच लिहिलं तर वाचणाऱ्याला काय कळणार?

कार्बन मोनॉक्साइडची रोजच्या कामाची मर्यादा ५० पीपीएम, म्हणजे ०.००५ टक्के. ०.२ टक्क्याला माणूस अर्ध्या तासात बेशुद्ध पडू शकतो. आगीचा अंदाज घ्यायला ग्रॅहम गुणोत्तर काढतात: तयार झालेला कार्बन मोनॉक्साइड भागिले कमी झालेला ऑक्सिजन गुणिले शंभर. १ च्या वर गेलं तर तापणं नक्की, २ म्हणजे गंभीर, ३ म्हणजे आग पेटलेली. पथक आत जाताना हे गुणोत्तर काय होतं ते कंट्रोल रूमच्या नोंदीत असतं. तो कागद मिळवा.

आणखी एक नेहमीची चूक. सेल्फ रेस्क्यूअर, म्हणजे बाहेर पडण्यापुरता तोंडात धरायचा छोटा संच, दोन प्रकारचे आहेत. फिल्टरवाला फक्त कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड करतो, ऑक्सिजन देत नाही. हे होताना आतली हवा इतकी तापते की घाबरलेला माणूस तोंडातून तो काढून टाकतो, आणि तिथेच मरतो. दुसरा रासायनिक, पोटॅशियम सुपरऑक्साइडचा, तो स्वतः ऑक्सिजन तयार करतो. वाचवलेल्या माणसाच्या तोंडात कोणता होता आणि बचाववाल्याने कोणता लावला, हे नीट लिहा. ‘ऑक्सिजन मास्क लावला’ असं लिहिलं की जाणकार वाचकाचा विश्वास तिथेच उडतो.

वर्धाखोरे
गॅलरीसाहेब, महाबीरबद्दलही याच पद्धतीने लिहाल का? सगळ्यांना ‘कॅप्सूल’ एवढंच माहीत असतं. सर्वोत्तम वर्गाचा धोका म्हणजे नेमका काय, हे त्यावरून समजेल.

गॅलरी_नं_७
लिहितो.

१३ नोव्हेंबर १९८९ च्या पहाटे जुन्या, पाणी भरलेल्या कामाचं पाणी चालू कामात घुसलं. सहा कामगार बुडाले. ६५ जण आत अडकले, उंचावरच्या भागात. बाहेर पडायचा नेहमीचा रस्ता पाण्याखाली.

असं का होतं ते आधी. जुन्या खाणींचे नकाशे अपुरे किंवा चुकीचे असतात. म्हणूनच १९५७ च्या कोळसा खाण विनियमात, पाणी साचलेल्या जुन्या कामापासून ६० मीटरच्या आत जायचं तर आधी परवानगी, मग गॅलरी (खाणीतला बोगदा) २.४ मीटरपेक्षा उंच-रुंद नाही, फेसच्या (खणत जायच्या समोरच्या भिंतीच्या) मधोमध एक आणि दोन्ही कडांना भोकं, आणि ही भोकं कायम फेसच्या किमान ३ मीटर पुढे, अशी बंधनं होती. ड्रिलचा दांडा पोकळीत घुसला आणि पाणी आलं तर मधे ३ मीटर कोळसा शिल्लक असतो. नकाशावर विसंबून ही भोकं टाळली की पुढचा ब्लास्ट पाणी घेऊन येतो. चासनाळाला २७ डिसेंबर १९७५ ला ३७५ माणसं गेली ती पाण्यानेच. आपल्या शेजारच्या पेंच भागात न्यूटन चिखलीला १० डिसेंबर १९५४ ला ६३ गेली, तीही पाण्याने.

आता भोक. वरून खाली मोठं भोक पाडून माणसं काढायची पद्धत जर्मनीत १९५५ मध्ये डाल्बुश खाणीत आधी वापरली गेली. तिथली कॅप्सूल अडीच मीटर लांब आणि जेमतेम साडेअडतीस सेंटिमीटर व्यासाची. १९६३ मध्ये लेंगेडेला त्याच नमुन्याने ११ जण चौदा दिवसांनी वर आले. महाबीरला २२ इंचांच्या आसपासचं भोक आणि तिथेच वर्कशॉपमध्ये पोलादी पत्र्याची बनवलेली कॅप्सूल. आधी कधी वापरलेली नाही, तपासायला वेळ नाही.

त्यातला धोका मोजा. भोक सरळ गेलंय की वाकलंय हे पूर्ण खात्रीने माहीत नाही. माती-खडकाच्या सांध्यातून एखादा दगड निसटला तर कॅप्सूल आणि भिंत यांच्यात पाचर बसते. वरून ओढलं तर दोर तुटायची भीती, सोडलं तर दोर ढिला पडतो. साधा पिळाचा दोर लांब सोडला की पीळ सुटतो आणि टोकाचं वजन भिंगरीसारखं फिरतं, म्हणून न फिरणारा दोर किंवा मधे स्विव्हल (फिरता जोड) लागतो. आणि अडकलेल्यांकडे हवेचा साठा पाण्याने दाबून धरलेला असेल तर भोक आरपार होताच ती हवा वर निघते आणि पाणी चढतं. २००२ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या क्वेक्रीकला नऊ जणांसाठी सहा इंची भोकातून सतत दाबाची हवा पाठवली ती याचसाठी. लेंगेडेला त्या ११ जणांआधी सुटलेल्या तिघांना दाबाच्या हवेतून हळूहळू बाहेर आणावं लागलं तेही याचमुळे.

अशा भोकातून पहिला उतरणारा माणूस म्हणजे गिल. खाली लोक किती घाबरलेले आहेत, कॅप्सूलवर झुंबड होईल का, जखमी किती, काहीच दिसत नसताना. एका खेपेला एक माणूस. सगळ्यांना वर पाठवून ते शेवटी आले. १६ नोव्हेंबरची ती सकाळ. आता त्या तारखेला कोल इंडियात रेस्क्यू डे पाळतात.

‘अत्यंत मोठा धोका’ या तीन शब्दांचा अर्थ हा. एकच दोर, एकच भोक, दुसरा रस्ता नाही.

मंत्रालय_टेबल_४
तिसऱ्या प्रश्नावर, म्हणजे कागदांवर.

प्रस्ताव राज्य सरकारकडून किंवा केंद्रातल्या मंत्रालयाकडून गृह मंत्रालयाकडे जातो. महाराष्ट्रात नेहमीची वाट जिल्हाधिकाऱ्यांमार्फत. खाण सार्वजनिक कंपनीची असेल तर कंपनीमार्फत कोळसा मंत्रालय ही दुसरी वाट. एकच वाट धरा. दोन्हीकडून अर्धवट कागद गेले तर दोन्ही ठिकाणी ‘दुसरीकडून येईल’ म्हणून फाईल पडून राहते. नामांकन आता राष्ट्रीय पुरस्कार पोर्टलवर भरतात. मुदत बहुधा ३० सप्टेंबरची असते. घटना दोन वर्षांपेक्षा जुनी नसावी. मरणोत्तरही देता येतं.

दोन वर्षं भरपूर वाटतात, पण खाणीच्या अपघातात तसं नसतं. चौकशी चालू असते. खाण सुरक्षा महासंचालनालयाचा अहवाल, कधी चौकशी न्यायालय. व्यवस्थापन म्हणतं, ‘चौकशी संपू द्या, आत्ता काही लिहायला नको.’ चौकशी संपते तेव्हा मुदत गेलेली असते. दोषी कोण हा एक विषय, माणूस आत जाऊन दुसऱ्याला घेऊन आला हा दुसरा. दुसऱ्या विषयाचा प्रस्ताव पहिल्यासाठी थांबवायची गरज नाही. प्रस्तावात अपघाताच्या कारणावर एक अक्षरही लिहू नका, म्हणजे कुणाला अडवायला निमित्त उरत नाही.

जोडायचं काय:

कंट्रोल रूमच्या आणि फ्रेश एअर बेसच्या नोंदवहीची साक्षांकित प्रत, ज्यात पथक कधी आत गेलं, कधी बाहेर आलं आणि दर वेळचे दाबाचे आकडे आहेत. वायूनमुन्यांचे निकाल. घटनास्थळाचा नकाशा, त्यावर पथकाचा मार्ग आणि अंतर. वाचलेल्या माणसाचा जबाब, आणि शक्य असेल तर दुसऱ्या पथकातल्या कुणाचा जबाब, कारण एकाच पथकातले लोक एकमेकांबद्दल सांगतात तेव्हा त्याला वजन कमी पडतं. वाचलेल्याचे आणि वाचवणाऱ्याचे दवाखान्याचे कागद. अपघाताच्या नोटिशीची प्रत. वाचवणाऱ्याचं बचाव-प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र.

चौथा प्रश्न: पदक व्यक्तीला मिळतं. पथकातल्या प्रत्येकासाठी वेगळा प्रस्ताव, आणि प्रत्येकात त्या माणसाने स्वतः काय केलं ते वेगळं. सहा नावांखाली तोच मजकूर चिकटवला तर सहाही कमजोर होतात.

शब्दशः
कुणीतरी नमुना द्या. ‘कसं लिहावं’ यापेक्षा लिहिलेलं दाखवलं तर पटकन समजतं.

मंत्रालय_टेबल_४
आकडे केवळ समजण्यापुरते, घटना कल्पित.

नेहमी येतं ते असं: ‘श्री. अमुक यांनी स्वतःच्या प्राणांची तमा न बाळगता, अतुलनीय शौर्य दाखवून, विषारी वायूंनी भरलेल्या खाणीत प्रवेश करून सहकाऱ्याचे प्राण वाचविले. त्यांचे कार्य सर्वांना प्रेरणादायी आहे.’

यायला हवं ते असं: ‘श्री. अमुक, टिंबरमन, बचाव पथकाचे उपकॅप्टन. ९:४० ला पथक फ्रेश एअर बेसवरून निघाले, दाब २०० बार. १०:०५ ला ३८० मीटर अंतरावर छत कोसळलेल्या जागी पोचले, दाब १७० बार. तेथे कार्बन मोनॉक्साइड ०.०४ टक्के, ऑक्सिजन १८.५ टक्के, ओल्या बल्बचे तपमान ३१ अंश, धुरामुळे दृश्यता एक मीटरपेक्षा कमी. कामगाराचा उजवा पाय ढिगाऱ्याखाली, तोंडात फिल्टर सेल्फ रेस्क्यूअर, शुद्धीत. श्री. अमुक यांनी त्याला रासायनिक सेल्फ रेस्क्यूअर लावला. ढिगारा हलवण्यासाठी आधार नसलेल्या छताखाली सुमारे दोन मीटर आत जाऊन त्यांनी दोन टेकू उभे केले. या वेळेत दोनदा छत सुटले. दुसऱ्या वेळी त्यांच्या डाव्या खांद्याला इजा झाली (दवाखान्याचा कागद जोडला आहे). १०:५० ला कामगार मोकळा, दाब ११५ बार. पाचास एक चढणीवरून स्ट्रेचर आणत ११:३५ ला फ्रेश एअर बेस, दाब ६२ बार.’

विशेषणं शून्य. पण वाचणाऱ्याला तो माणूस त्या छताखाली दिसतो.

गॅलरी_नं_७
चांगला नमुना. दोन दुरुस्त्या. वायू कोणी, कोणत्या यंत्राने मोजले ते लिहा. आणि परतीचा हिशेब एका वाक्यात मांडा: जाताना ३० खर्च, म्हणून ६० राखीव, निघताना ११५ होते, पोचले तेव्हा ६२, इशाऱ्याच्या ५५ च्या वर. हे वाचून खाणतज्ज्ञाला कळतं की कॅप्टनने शिस्त सोडली नाही.

वर्गाबद्दल माझं मत: हा ‘उत्तम’चा प्रस्ताव. सुटणाऱ्या छताखाली जाणं म्हणजे जिवाला मोठा धोका. सर्वोत्तम मागून अडकवण्यापेक्षा हे बरं.

जुना_ओव्हरमन
मला इथे एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. शिस्त सोडली नाही हे दाखवणं मला पदकाइतकंच महत्त्वाचं वाटतं.

काही प्रस्तावांत अभिमानाने लिहिलेलं असतं की संच न लावताच आत धाव घेतली, किंवा कॅप्टनने परत फिरायला सांगितलं तरी एकटा थांबला. असं लिहून आपण नव्या पोरांना काय शिकवतो? एकाचा संच बिघडला तर पूर्ण पथक परत फिरतं, हा नियम आहे. एकट्याने आत जायचं नाही, हा नियम आहे. संचाशिवाय धावत गेलेले तीन आणि आत पडलेला एक, असे चार मृतदेह बाहेर काढायची वेळ जगभरच्या खाणींत आली आहे. धोका पत्करणं आणि धोका वाढवणं यात फरक आहे. प्रस्तावात पहिलं लिहा.

पदकसंग्राहक
ओव्हरमनदादांच्या मुद्द्याला धरूनच. आपल्या पदकाची रचनाच अशी आहे की धोका जितका जास्त तितका वर्ग वरचा. पण बचाव सेवेचं सगळं प्रशिक्षण धोका कमी करण्यासाठी असतं. उत्तम पथकाच्या कामात सांगण्यासारखा थरार कमी असतो. वर्षानुवर्षं सराव, संचांची निगा, पहाटेची बोलावणी, स्टॉपिंगं बांधणं, मृतदेह आणणं. यातलं काहीच जीवन रक्षा पदकात बसत नाही.

इतर देशांनी हे दोन भागांत सोडवलं. ब्रिटनमध्ये १९०७ साली खाणीत जीव वाचवणाऱ्यांसाठी एडवर्ड पदक सुरू झालं, रौप्य आणि कांस्य. त्याच्या मागच्या बाजूला, पडलेल्या सोबत्याला सावरणारा खाणकामगार, ‘शौर्यासाठी’ असे शब्द. त्यातली खाणींसाठीची रौप्य पदकं शंभराच्याही आत आहेत, इतकी कसोटी कडक. १९७१ मध्ये हयात असलेल्या मानकऱ्यांना ते बदलून जॉर्ज क्रॉस घेता आला. हे झालं शौर्याचं.

जर्मनीत याशिवाय खाण-बचाव दलासाठी स्वतंत्र राष्ट्रीय मानचिन्ह आहे, रौप्य आणि सुवर्ण, आणि ते सेवेच्या वर्षांसाठी मिळतं. तिथे कुणाला वाचवलं का, कितींना वाचवलं, हे विचारत नाहीत. इतकी वर्षं तू तयार उभा होतास, एवढं पुरतं.

आपल्याकडे बचाव सेवेची सुरुवातही अपघातातूनच झाली: १९३६ चा पोईडीहचा स्फोट, त्यानंतर १९३९ चे कोळसा खाण बचाव नियम, मग १९४१ मध्ये धनसार आणि सीतारामपूर ही पहिली दोन केंद्रं. पुढे १९८५ चे नियम आले. ऐंशीहून जास्त वर्षांच्या या सेवेला दीर्घसेवेचं सरकारी पदक असावं, असं माझं स्पष्ट मत आहे. पोलिसांना, अग्निशमन सेवेला, गृहरक्षक दलाला निदान प्रशंसनीय सेवेचं पदक आहे.

तांदळे_नागपूर
+१. पण दीर्घसेवेचं पदक आलं तर ते कायम नेमणुकीच्या केंद्रातल्या लोकांनाच मिळेल अशी भीती वाटते. खाणीवरच्या रेस्क्यू ट्रेंड ड्रिलरची ‘सेवा’ मोजणार कशी?

जुना_ओव्हरमन
मोजता येते. प्रत्येकाच्या नावावर प्रशिक्षणाची आणि सरावाची नोंद असते: किती सराव, संच लावून किती वेळ, वैद्यकीय तपासणी पास की नापास. वर्षं त्यावरून मोजावीत. सराव चुकवलेलं वर्ष धरू नये. उलट त्या निमित्ताने या वह्या नीट ठेवल्या जातील. सध्या अखिल भारतीय खाण बचाव स्पर्धेपुरत्या त्या चकाचक असतात.

वर्धाखोरे
सगळ्यांचे आभार. एक शेवटचा प्रश्न: गोव्याच्या लोहखनिज खाणी किंवा आपल्या उघड्या कोळसा खाणी यांना हे लागू आहे का? तिथे श्वसनसंचाचा प्रश्न नसतो.

मंत्रालय_टेबल_४
पदकाला खाण भूमिगत असण्याची अट नाही. बेंच (उघड्या खाणीतली पायरी) घसरली, डंपर पाण्यात गेला, शॉव्हेलला आग लागली, काहीही. धोका वेगळ्या आकड्यांनी दाखवावा लागेल: बेंचची उंची, भेगा किती रुंद होत्या, घसरण चालू होती का, दुसऱ्यांदा किती वेळाने घसरली. स्लोप रडार असेल तर त्याच्या हालचालीच्या नोंदीची प्रत मिळवा. पाण्याचा प्रसंग असेल तर खोली आणि पंप चालू होता की नाही.

गॅलरी_नं_७
जाता जाता एक. अपघातानंतरच्या पहिल्या आठवड्यात लॅम्प रूमचं (आत जाणाऱ्यांना दिवे देण्याच्या खोलीचं) रजिस्टर आणि फ्रेश एअर बेसची वही यांचे फोटो काढून ठेवा, पानांच्या क्रमाने, तारखेसकट. फ्रेश एअर बेसची वही बरेचदा पेन्सिलीने लिहिलेली असते, ओल्या हातांनी, कोळशाच्या बोटांनी. सहा महिन्यांनी ती चौकशीच्या गठ्ठ्यात जाते, आणि दाबाचे आकडे पुसट झालेले असतात. त्या पानावर पथकातल्या पाचही जणांची नावं आणि वेळा असतात; प्रस्तावाला तेवढंच पान सगळ्यात जास्त लागतं.